माहेर कुठलं, एवढं विचारा
गरोदर स्त्रियांना तपासणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,



मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात गेली. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, त्या बाजूची ही गावं. शहरांत, तालुक्याच्या गावी, खाजगी दवाखान्यांत आणि सरकारी रुग्णालयांत गरोदर बाया तपासणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्र लिहिते आहे. शिक्षणानं आणि अधिकारानं तुम्ही मोठे. उभा जन्म मी तुमच्याच सूचना पाळत काम केलं. तरी आज काही गोष्टी तुम्हाला सांगायच्या आहेत. त्या वेळेवर बोलल्या गेल्या नाहीत म्हणून एक मूल गेलं, आणि त्या न बोलण्यात मीही होते.

माझ्या उपकेंद्राखालच्या गावातली एक मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. नवरा तिथे कारखान्यात कामाला. चार वर्षांनी दिवस राहिले. सहावा महिना चालू असताना पोळ्याला ती आठ दिवस माहेरी आली. मला भेटायला उपकेंद्रात आली, शहरातल्या दवाखान्याचं कार्ड दाखवलं. मी वजन केलं, रक्तदाब पाहिला, कार्डावर लिहिला, लोहाच्या गोळ्या चुकवू नको म्हणाले. दिवस भाद्रपदाचे, धान उभं, बांध्यांत पाणी तुंबलेलं. घरात एकच मच्छरदाणी, ती रात्री धानाच्या राखणीला जाणारा भाऊ घेऊन जायचा. ही उकाड्यामुळे अंगणात खाटेवर झोपायची. हे सगळं मला दिसत होतं. मी काही बोलले नाही, कार्डावर काही लिहिलंही नाही.

शहरात परतल्यावर सहाव्या दिवशी तिला ताप आला. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल आहे म्हणून गोळ्या दिल्या. घाम येऊन ताप उतरला, बरं वाटलं, पुन्हा हुडहुडी भरली. दुसऱ्या खेपेला लघवीची तपासणी झाली, अँटिबायोटिक सुरू झालं. हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा तिलाच ऐकवलं गेलं, की नीट खात नाहीस. पाचव्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले, बोलणं असंबद्ध झालं, पोटातली हालचाल थांबली. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी सासूला पहिला प्रश्न विचारला, "हिचं माहेर कुठलं?" गडचिरोली म्हटल्याबरोबर त्यांनी काचपट्टीवर रक्त घेतलं. फॅल्सिपेरम हिवताप निघाला. आर्टेसुनेटची इंजेक्शनं सुरू झाली आणि मुलगी वाचली. बाळ आधीच गेलं होतं.

त्याच तापाच्या त्याच रुग्णाला आधी दोनदा तपासलं गेलं होतं. निदान झालं ते एका प्रश्नामुळे. त्या प्रश्नासाठीच हे पत्र आहे.

माहेर कुठलं, हे केसपेपरवर येऊ द्या

नाव, वय, पत्ता, पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं हे सगळं तुम्ही विचारता. पत्ता असतो सासरचा. पण आपल्याकडे गरोदर बाई सासरच्या पत्त्यावर बांधलेली नसते. सणाला, लग्नाला, ओटी भरायला, रोवण्याच्या दिवसांत आईला हातभार लावायला ती माहेरी जाते. पहिलं बाळंतपण तर माहेरचंच. महिनाभरात ती कुठे झोपली, हे पत्त्यावरून कळत नाही. फॅल्सिपेरमचा डास चावल्यावर ताप यायला साधारण नऊ ते चौदा दिवस जातात. तेवढ्यात ती बस धरून तुमच्या शहरात आलेली असते. डास तिकडेच राहतो, जंतू तिच्याबरोबर येतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा उमजली. जिथे हिवताप कायम असतो, तिथे लहानपणापासून तो सोसत वाढलेल्या माणसाच्या अंगात त्याच्याशी झुंजायची थोडीफार ताकद येते. ती टिकायची तर संसर्गाशी गाठ पडत राहायला हवी. मुलगी लग्न होऊन चार वर्षं शहरात राहिली की ताकद ओसरते. मग ती माहेरी येते तेव्हा घरच्यांना वाटतं, ही इथलीच, हिला इथल्या हवेपाण्याची सवय आहे. प्रत्यक्षात तिचं अंग आता परक्या माणसासारखं झालेलं असतं. त्यातून गरोदरपणात ही ताकद आणखी घटते.

पहिलटकरणीचं संकट याहून मोठं. फॅल्सिपेरमचे जंतू ज्या तांबड्या पेशींत शिरतात, त्या पेशी वारेच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. चिकटण्याचं हे साधन वारेसाठी खास असतं. वार म्हणजे बाईच्या शरीरात प्रथमच तयार झालेला अवयव, म्हणून या जंतूंविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिपिंडं नसतात. पुढच्या गरोदरपणांत ती हळूहळू तयार होतात. सर्वांत मोठा धोका पहिल्या खेपेला, आणि आपल्या रीतीप्रमाणे माहेरी पाठवायची तीही पहिल्याच खेपेला. जिथे हिवताप कमी आहे तिथल्या बायांना तर ही ताकदच नसते, त्यांच्या बाबतीत पहिली खेप काय आणि तिसरी काय, धोका सारखाच.

म्हणून विनंती आहे, केसपेपरवर दोन रकाने वाढवा. माहेर कुठलं? गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुठे मुक्काम झाला? गडचिरोली, बस्तर, ओडिशा, झारखंड ही नावं ऐकली की हात रक्ततपासणीच्या कागदाकडे जाऊ द्या.

ताप आला त्याच दिवशी रक्त घ्या

हिवताप कमी झालाय, हे खरं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. देशानं 2030 पर्यंत मलेरिया हद्दपार करायचं ठरवलं आहे. पण रुग्ण घटले की आजाराची आठवणही पुसट होते. आमच्या उमेदीच्या काळात ताप म्हटलं की काचपट्टी आपोआप पुढे यायची. आता शहरात डेंगीची तपासणी होते, टायफॉइडची होते, मलेरियाचं नाव शेवटी निघतं. गरोदर बाईजवळ शेवटाला पोचण्याइतका वेळ नसतो. फॅल्सिपेरममध्ये ती झपाट्यानं खालावते. रक्त उतरतं, साखर एकाएकी घसरते, फुप्फुसात पाणी भरतं, मेंदूवर परिणाम होतो. गर्भपात, दिवस भरण्याआधी बाळंतपण, पोटातच मूल जाणं, हे सगळं काही दिवसांत घडू शकतं.

खेड्यातल्या आशाताईजवळ बोटाला टोचून पंधरा-वीस मिनिटांत निदान करणारं आरडीटी किट असतं. जंगलातल्या गावात जे होतं, ते शहरातल्या चकचकीत दवाखान्यात दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत होऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकदा निगेटिव्ह आलं म्हणून फाइल मिटू नका

जंतू वारेत दडून बसले की बोटाच्या रक्तात ते अगदी थोडे असतात, कधी दिसतही नाहीत. काचपट्टी स्वच्छ आणि वार जंतूंनी भरलेली, असं होऊ शकतं. म्हणून काचपट्टी आणि किट, दोन्ही तपासण्या करा. फॅल्सिपेरमचं जे प्रथिन किटमध्ये ओळखलं जातं ते रक्तात फिरत असतं. त्यामुळे पट्टीत जंतू सापडला नाही तरी कधी कधी किट त्याचा पत्ता देतं. दोन्ही निगेटिव्ह आले, ताप चालूच आहे आणि मुक्काम हिवतापाच्या भागातला आहे, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्या, तिसऱ्या दिवशीही घ्या. बाईला आणि तिच्या सासूला आधीच सांगा की पुन्हा यावं लागेल. नाहीतर निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन ती निश्चिंत घरी बसते.

फिकट बाईला बोल लावू नका

ही माझी सर्वांत जुनी तक्रार आहे. हिमोग्लोबिन कमी आलं की बाईला बोलणी बसतात. खात नाही, गोळ्या फेकून देते, भाजी नको म्हणते. कमी वजनाचं बाळ झालं की पुन्हा तीच दोषी. आमच्या भागात पालेभाजी, डाळ, लोह सगळं सांभाळूनही फिकट राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. हिवताप तांबड्या पेशी फोडतो. कायम हिवतापाच्या भागात तो तापाशिवायही अंगात राहतो. शेजारच्या बस्तरमध्ये 2020 पासून घरोघरी जाऊन सरसकट रक्ततपासणी सुरू झाली, तेव्हा पॉझिटिव्ह निघालेल्यांतल्या पुष्कळांना कसलंही लक्षण नव्हतं. अशी बाई गरोदर असली की वारेतले जंतू बाळापर्यंत जाणारं अन्न आणि प्राणवायू अडवतात. बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं, आणि त्याच्या वाट्याला पहिलं वर्ष धोक्याचं येतं.

तेव्हा जिचं माहेर किंवा मुक्काम अशा भागातला आहे आणि रक्त कमी आहे, तिला ताप नसला तरी मलेरियाची तपासणी लिहा. मग खाण्यापिण्याचं जरूर सांगा. तपासण्याआधी दोष देऊ नका.

औषधाला भिऊ नका, अर्धवट देऊ नका

गरोदर आहे म्हणून औषध नको, किंवा थोडंच देऊ, असं करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांची काळजी मला समजते. पण पोटातल्या बाळाला औषधापेक्षा आटोक्यात न आलेला हिवताप कितीतरी घातक आहे. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या हिवतापाला क्लोरोक्विन गरोदरपणात चालतं. फॅल्सिपेरमला आपल्या राष्ट्रीय सूचनांनी बराच काळ पहिल्या तीन महिन्यांत क्विनाइन आणि पुढे एसीटी सांगितलं. नोव्हेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पहिल्या तीन महिन्यांतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन द्यायला संमती दिली. आजार गंभीर असेल तर कोणत्याही महिन्यात आर्टेसुनेटचं इंजेक्शन. मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असेल तर पहिला डोस देऊन मग पाठवा. क्विनाइननं साखर आणखी घसरते, तिच्यावर लक्ष ठेवा. शिकताना वाचलेल्या जुन्या पानावर थांबू नका, ताज्या सूचना मागवून घ्या.

प्रायमाक्विन मात्र गरोदर बाईला द्यायचं नाही. पोटातल्या बाळात जी-सिक्स-पीडीची कमतरता आहे की नाही हे कळत नाही, आणि असेल तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. इथेच एक धागा नेहमी सुटतो. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. श्रावणात माहेरी झालेला ताप पौषात सासरी परत येतो. झोपलेल्या जंतूंवरचा इलाज बाळंतपणानंतर करायचा असतो, तोही अंगावर पिणाऱ्या बाळाचा आणि तिच्या जी-सिक्स-पीडीचा विचार करून. पण हे कुणी लिहूनच ठेवत नाही. बाई एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाते, सासरहून माहेरी जाते, आणि बाळ घेऊन पुन्हा तापानं फणफणते. कृपा करून तिच्या कार्डावर ठळक लिहा: "व्हायव्हॅक्स झाला होता, तारीख अमुक, प्रायमाक्विन बाकी."

गरोदरपणात मलेरिया झालेल्या आईचं नवजात बाळ तापलं, पिवळं पडलं, दूध ओढेनासं झालं, तर त्याचंही रक्त तपासा. आईकडून जंतू बाळात जाऊ शकतात.

तिला मच्छरदाणीत कोण झोपवणार, हे विचारा

आफ्रिकेत जिथे हिवताप जोरात आहे, तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानं चौथ्या महिन्यापासून तपासणीच्या वेळी गरोदर बाईला प्रतिबंधाची गोळी समोर बसवून देतात. आपल्या देशाच्या कार्यक्रमात ती पद्धत नाही. म्हणजे आपल्याजवळ तीनच गोष्टी उरतात: डास चावू न देणं, लगेच तपासणी, पूर्ण उपचार. पैकी पहिली गोष्ट तुम्ही आमच्यावर सोडून दिली आहे.

गांबियात झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की गरोदर बायांकडे इतर बायांच्या जवळपास दुप्पट डास ओढले जातात. त्यांच्या अंगाची ऊब वाढलेली असते, श्वासही जास्त चालतो. आपले डास तिथल्या डासांहून वेगळ्या जातीचे. पण गरोदर बाईची ऊब आणि श्वास सगळीकडे सारखेच. हिवतापाचा डास रात्री चावतो, म्हणजे खरा प्रश्न ती कुठे आणि कशात झोपते हा आहे. सरकारकडून मिळणारी औषध भरलेली मच्छरदाणी तीनेक वर्षं चालते. ती घराला एक-दोन मिळते, आणि घरात माणसं सात. ती बाप्यासाठी जाते, राखणीच्या मळ्यावर जाते, कधी मासे धरायलाही जाते. गरोदर सून सगळ्यांची व्यवस्था लावून शेवटी उघड्यावर आडवी होते.

तुमच्या शब्दाला घरात वजन आहे. मी दहादा सांगितलेलं लोक विसरायचे, डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं नवरा-सासू महिनाभर पाळायचे. बाईबरोबर आलेल्या माणसाला आत बोलवा आणि सांगा, "मच्छरदाणी पहिल्यांदा हिला. बाळ झाल्यावर बाळासकट हिला." माहेरी जायला निघाली असेल तर तिची मच्छरदाणी पिशवीत घालूनच जाऊ द्या. घराला फवारणी झाली असेल तर सण आला म्हणून लगेच भिंती सारवू नका, हेही सांगा, कारण सारवणाखाली औषध झाकलं जातं.

शहरातल्यांना वाटेल हे जंगलाचं दुखणं आहे. पण शहरातही हिवतापाचा डास आहे; तो वेगळा, पाण्याच्या टाकीत, विहिरीत, बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढतो. बांधकामावर राबणाऱ्या बाया पुष्कळदा हिवतापाच्या जिल्ह्यांतूनच आलेल्या असतात आणि पत्र्याच्या खोपटात राहतात. त्यांच्यातली गरोदर बाई तुमच्याकडे आली, तर तिला दोन्हीकडचा धोका आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एक वेगळी विनंती. दुर्गम भागातल्या बायांसाठी शासनानं केंद्रांजवळ माहेरघरं काढली. बाळंतपणाच्या आधी काही दिवस बाईनं तिथे येऊन राहावं, ही सोय फार चांगली. नावही किती मायेचं! तिथल्या प्रत्येक खाटेवर चांगली मच्छरदाणी आहे का, हे आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन पाहा. बाई आली त्याच दिवशी तिचं रक्त तपासा. आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीला रांग लागते, त्या रांगेतल्या प्रत्येकीला रात्रीच्या झोपण्याच्या जागेबद्दल विचारा.

खाजगी डॉक्टरांनो, तुमच्याकडे सापडलेला प्रत्येक रुग्ण हिवताप खात्याला कळवा. तुमच्या शहरात पॉझिटिव्ह निघालेल्या त्या बाईच्या माहेरी तिची भावजय गरोदर असू शकते. तुम्ही कळवलंत तर आमची आशाताई दुसऱ्या दिवशी त्या अंगणात पोचेल.

एवढं सगळं मागताना माझ्या वाट्याचं मीही केलं, ते सांगते. ती मुलगी दोन वर्षांनी पुन्हा गरोदर राहिली आणि बाळंतपणाला माहेरी आली. येताना स्वतःची मच्छरदाणी घेऊन आली. तिच्या आईनं भिंती सारवल्या नाहीत. दर तपासणीला आम्ही तिचं रक्त घेतलं, सातव्या महिन्यात ताप नसताना एकदा पॉझिटिव्ह आलं, त्याच दिवशी उपचार सुरू झाले. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. तेच गाव, तेच डास, तेच पावसाळ्याचे दिवस होते.

तिच्या पहिल्या खेपेनंतर निवृत्तीच्या दिवसापर्यंत, माझ्या गावांतून बाहेर निघालेल्या प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डावर मी लाल शाईनं एक ओळ लिहीत आले: "मुक्काम मलेरियाच्या भागात झाला आहे. ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासावे." माझ्या जागी आलेली ताईही लिहिते. यातलं एखादं कार्ड तुमच्या टेबलावर आलं, तर वजन-रक्तदाबाच्या रकान्यांकडे जाण्याआधी ती ओळ वाचा. ज्या कार्डांवर ती लिहायची राहून गेली असेल, त्या बायांना तुम्हीच विचारा.

आपली नम्र,
गडचिरोली जिल्ह्यातली एक निवृत्त आरोग्य सेविका